सोळाच्या पटीत

खांबेटे कानामागची पेन्सिल काढतात
आणि माझ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर
भागाकार मांडतात.
दोनशे अकरा भागिले सोळा.
तेरा फॉर्म, बाकी तीन.
"बाई, या तीन पानांचं काय करायचं?"

अप्पा बळवंत चौकातून आत, वह्यांच्या दुकानावरचा माळा.
खाली जूनची गर्दी, कव्हरं, कंपासपेट्या;
वर आम्ही दोघं, आणि बाकी तीन.
"चौदावा फॉर्म घेतला तर तेरा पानं कोरी जातात.
कोऱ्या पानाचे पैसे वाचक देत नाही,
कागदवाला मात्र घेतो."
खोटं नव्हतं.
रीमचा भाव त्यांनी तारखेसकट सांगितला,
घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगावा तसा.

मग मी हौसाक्काला काढलं.

मंडईत लिंबं विकायची. कथानकात तिचं काही अडलेलं नव्हतं.
सुटे नव्हते म्हणून नायकाचे आठ आणे तिच्याकडं राहिलेले,
आणि अकरा वर्षांनी, तो तिचा चेहराही विसरलेला असताना,
ती गर्दीतून हाक मारून ते परत देते.
एवढंच. तीन पानं.
तिला काढल्यावर काही कोसळलं नाही,
एक टाकासुद्धा उसवला नाही.
मला राग आला तो याचाच.

परीक्षणात आलं:
लेखिकेचा संयम वाखाणण्याजोगा.

दुसरं पुस्तक मी न सांगता
एकशे शहात्तरात बसवलं.
"शिकलात," खांबेटे म्हणाले.
शिकले.
दिवाळी अंकासाठी तीन हजार शब्दांत मरणारी माणसं,
ग्रंथालयांच्या यादीला झेपेल असं बेताचं दुःख,
मलपृष्ठावर मावेल एवढाच आशय.
आता पात्र दारात उभं राहिलं
की आधी त्याच्या मागं किती जण आहेत ते बघते.
कुणी मनापासून बोलायला लागलं
की माझा हात कानामागं जातो.

चौथ्या पुस्तकात हिशेब चुकला.
एकशे अठ्ठावन्न.
शेवटची दोन पानं पांढरीफेक.
खांबेट्यांना तिथं लोणच्यांच्या पुस्तकाची जाहिरात हवी होती.
म्हटलं, मानधन नको, ती पानं तशीच राहू द्या.
ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "मानधन तसंही…"
आणि खाली चहा सांगितला. दोन कटिंग.

लेखकाच्या पंचवीस प्रती घरी आल्या.
पंचवीस वेळा, निळ्या शाईनं, मी हौसाक्का लिहिली.
तीन पानांची बाई दोन पानांत.
अक्षर बारीक करत नेलं, तरी
तिनं हाक मारली
आणि पान संपलं.
प्रती वाटल्या. कुणी अवाक्षर काढलं नाही.
भेट मिळालेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचतं कोण?

सहा वर्षांनी फोन. हडपसरहून,
कुणी दिलशाद तांबोळी, शिवणाचे क्लास घेतात.
"चौकातल्या गाडीवर मिळालं तुमचं पुस्तक, वीस रुपयांना.
पुढं कुणाला तरी 'सस्नेह' लिहिलंय,
नाव सांगत नाही, उगाच वाईट वाटेल.
मागं पेनानं आहे ते पुस्तकातलंच ना?"
"हो."
"मग पुढं काय?
ती हाक मारते. तो वळतो का?
देते का ती त्याचे आठ आणे?"
मागं कुठलंतरी मशीन चालू होतं, ते थांबलं.

"जवळ कोरा कागद आहे का?" मी विचारलं.
"बिलबुक आहे. पाठकोरं चालेल ना?
किती पानं लागतील?"

तेवढं मात्र मला सांगता येईना.